त्रेसष्ट अंश

गंगाधररावांचा माणसांवर विश्वास होता, देवावर सणासुदीपुरता होता. न तापवलेल्या दुधावर मात्र त्यांनी जन्मात कधी विश्वास ठेवला नाही. म्हैसूरच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत त्यांची उभी नोकरी गेली. खेड्यापाड्यांतून आलेलं लाखभर लिटर दूध रोज त्यांच्या सहीसाठी खोळंबून राहायचं, आणि त्यांची सही घाईत कधी होत नसे. लग्नात बदामाचं दूध पुढे आलं की ते आधी आचाऱ्याची चौकशी करत. बायकोच्या माहेरचे लोक याला माज म्हणत. गंगाधरराव त्याला सवय म्हणत आणि पेला तसाच बाजूला ठेवत.

त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, असं घरात सांगत. तलवार कुणी पाहिली नव्हती, घोड्याचा तर प्रश्नच नव्हता. गंगाधररावांच्या वाट्याला थर्मामीटर आला. निवृत्तीनंतरही तो कुवेंपुनगरच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिळ्याला चिमट्याशेजारी लटकलेला असे.

त्यांची सून वनजा सातव्या महिन्यातच बाळंत झाली. रक्तदाब एकाएकी चढला, पोट फाडून बाळ काढावं लागलं. मुलगी झाली. वजन सव्वा किलोही भरलं नाही. गंगाधररावांनी काचेच्या पेटीतली ती नात पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांना काही सुचेना. तिच्या नाकात नळी होती, अंगावर तारा होत्या, आणि पाऊल त्यांच्या अंगठ्याएवढं होतं. ते बाहेर येऊन बाकावर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

वनजाला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच होतं. तिचे टाके चिघळले, दाब उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी तिला घरी पाठवून पडून राहायला सांगितलं. बाळ इस्पितळात, आई घरी. मग दूध काढून इस्पितळात न्यायचं ठरलं. सिस्टरनं बजावून सांगितलं होतं: हात धुवा, बाटल्या उकळा, दूध बर्फात ठेवून आणा. दूध तापवू नका, असं काही तिनं सांगितलं नव्हतं. असं कुणी करील हे तिच्या स्वप्नातही आलं नसावं.

आता हे काम घरात कसं चालत असे ते सांगायला हवं. सासऱ्यानं सुनेच्या दुधाचं नाव काढायचं नसतं आणि सुनेनं सासऱ्यासमोर तो शब्द उच्चारायचा नसतो, इतकी साधी गोष्ट त्या घरात कुणाला शिकवावी लागली नव्हती. म्हणून दुधाला ‘डबा’ म्हणायचं ठरलं. ठरवलं कुणीच नाही, ते आपोआप ठरलं. गंगाधररावांची बायको रुक्मिणीबाई खोलीतून स्टीलचा डबा फडक्यात गुंडाळून आणत, त्यात दोन छोट्या बाटल्या असत. डबा जेवणाच्या टेबलावर ठेवून त्या भिंतीकडे बघत म्हणत, “डबा झाला.” गंगाधरराव छताकडे बघत म्हणत, “आयितू, झालं तर, निघतो.” बाटल्यांत दूध असे जेमतेम दोन-तीन पळ्या. वनजा ते कसं काढत होती, किती दुखत होतं, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

पहिले दोन दिवस त्यांनी डबा जसाच्या तसा नेऊन दिला. झोप मात्र लागली नाही. न तपासलेलं, न तापवलेलं दूध आपल्या हातानं एका सव्वा किलोच्या जिवाला पोचवायचं, हे त्यांच्या सगळ्या नोकरीच्या विरुद्ध होतं. मग त्यांना इस्पितळाच्या बोळात भिंतीवर एक फलक दिसला. तिथं मातृदुधाची पेढी होती. ज्या आयांना जास्त दूध येतं त्या तिथं देतात, आणि ते साडेबासष्ट अंशांवर तीस मिनिटं तापवून इतर बाळांना देतात, असं कानडीत लिहिलं होतं. परगावी जुना सहकारी अचानक भेटावा तसा गंगाधररावांना आनंद झाला. साडेबासष्ट अंश, तीस मिनिटं! हेच तर त्यांनी आयुष्यभर केलं होतं. इस्पितळवालेही तापवतात, आपल्याला सांगायचं तेवढं सिस्टर विसरली. त्यांनी तिला मनातल्या मनात माफ करून टाकलं.

लगेच पुढच्या दिवसापासून मागच्या धुण्याच्या मोरीत छोटी शेगडी पेटली. पातेल्यात पाणी, पाण्यात बाटल्या, शेजारी साध्या पाण्याची तेवढीच एक बाटली आणि तिच्यात थर्मामीटर, कारण खऱ्या दुधात काही बुडवायचं नसतं. अर्धा तास ते स्टुलावर बसून पारा बघत. अर्धा अंश त्यांनी स्वतःच्या अधिकारात वाढवला होता, हयगय नको म्हणून. मग बर्फाच्या पाण्यात एकदम थंड. डेअरीतलं मोठं यंत्रही इतकं चोख काम करत नसेल.

रुक्मिणीबाईंनी पहिल्याच दिवशी पाहिलं. “काय करताय?”

“तापवतोय.”

“मग बरोबर आहे. लेकराला कच्चं द्यायचं म्हणजे काय, छे! मीच सांगणार होते.”

वनजाला कुणी काही सांगितलं नाही. तिला सांगायचं म्हणजे आधी तो शब्द उच्चारावा लागला असता.

आठवडाभर हे बिनबोभाट चाललं. बाळाच्या वजनाचा काटा थोडा सरकला. गंगाधरराव स्कूटरवरून बर्फाची पेटी पायांत धरून जात तेव्हा त्यांच्या पाठीचा कणा नोकरीत असताना होता तितका ताठ असे. नात्यातल्या लोकांनी मुलीला कोणता अंगारा लावावा, कुठं नवस बोलावा, हे सुचवलं. ते सगळ्यांना हो म्हणाले. खरं काम आपण मोरीत करतो आहोत, अशी त्यांची पक्की समजूत होती.

मग एका सकाळी इस्पितळातून फोन आला. बाळाचं पोट फुगलं होतं. दूध बंद केलं होतं, सलाइन लावलं होतं.

गंगाधरराव पोचले तेव्हा बाळांच्या डॉक्टर, विशालाक्षी नावाच्या, हात धूत होत्या. वयानं त्यांच्या मुलीसारख्या, बोलायला सरळ. कानडीत त्यांनी समजावून सांगितलं. इतक्या लहान बाळांच्या आतड्याला असं होतं. जंतू शिरतात, आतडं सुजतं. औषध चालू आहे, पुढचे दोन दिवस बघायचं. “वाईट होऊ शकतं का?” असं गंगाधररावांनी विचारलं. “होऊ शकतं,” डॉक्टर म्हणाल्या. “पण एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे, आईचं दूध. ते काढणं थांबवू देऊ नका. पोट बसलं की पहिल्यांदा तेच द्यायचं आहे.”

“दुधानं काय होतं?” गंगाधररावांनी विचारलं. दुधाबद्दल त्यांना कुणी काही सांगावं ही वेळ कधी आली नव्हती, तरी विचारलं.

डॉक्टरांना हा प्रश्न आवडला असावा. त्या म्हणाल्या, या बाळांच्या आतड्याला अजून नीट अस्तर नसतं. आईच्या दुधात काही प्रथिनं असतात, ती पोसत नाहीत, राखण करतात. काही आतड्याच्या भिंतीवर लेप देऊन बसतात, जंतूंना चिकटू देत नाहीत. आई ज्या घरात राहते तिथलेच जंतू ओळखून तिचं शरीर ती तयार करतं. लॅक्टोफेरिन म्हणून एक असतं. जंतूंना वाढायला लोह लागतं, ते हे आधीच उचलून घेतं. जंतू उपाशी मरतात. विकतच्या पावडरमध्ये हे काही येत नाही. “म्हणून तर तुम्हाला रोज एवढं पळवतोय,” त्या हसून म्हणाल्या.

गंगाधररावांना पुढचं सांगायची गरज नव्हती. डेअरीत दूध नीट तापलं की नाही हे बघायची एक चाचणी असते. कच्च्या दुधात एक एन्झाइम असतं. ते संपलेलं दिसलं की दूध पास. दुधातलं काहीतरी मेलं याची खात्री करून घ्यायची आणि सही करायची, हीच त्यांची नोकरी होती. आणखी काय काय मेलं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. गाईच्या दुधाच्या बाबतीत विचारायचं कारणही नव्हतं.

“आणि त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास तापवलं तर?” त्यांनी विचारलं.

“आईचं स्वतःचं दूध कशाला कोण तापवेल?”

“मी तापवलं,” गंगाधरराव म्हणाले. “रोज.”

डॉक्टरांनी नळ बंद केला. गंगाधररावांनी बोळातल्या फलकाचा दाखला दिला, पण तो देताना आपला आवाज आपल्यालाच ओळखू येत नाही असं त्यांना वाटलं. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, पेढीतलं दूध दुसऱ्या बाईचं असतं, तिचा आजार बाळाला लागू नये म्हणून तापवावं लागतं. त्यात राखणीची बरीचशी प्रथिनं जातात हे आम्हाला माहीत असतं, इलाज नसतो. स्वतःच्या आईचं मात्र कच्चंच द्यायचं.

“मग हे माझ्यामुळं झालं?”

“तसं मी म्हणू शकत नाही. कच्चं दूध घेणाऱ्या बाळांनाही होतं.” त्यांनी हात पुसले. “तुमच्यामुळं झालं नाही, असंही म्हणू शकत नाही.”

यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर गंगाधररावांना बरं वाटलं असतं.

त्यांचा मुलगा सयाजी हेब्बाळच्या कंपनीतून अर्धा दिवस टाकून आला. बाकावर बसून त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, “अप्पा, वनजाला हे सांगू नका. तिचं बीपी आधीच हाय आहे. अम्माला पण बेडा, नकोच.”

“नाही सांगत,” गंगाधरराव म्हणाले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटल्याची लाज वाटली. दोन्ही घेऊन ते घरी आले. घरी त्यांनी एवढंच सांगितलं की बाळाचं पोट बिघडलंय, तिथलं पाजणं दोन दिवस बंद आहे, पण डबा चालू ठेवायचा. का ठेवायचा ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाकीचंही तोंडातून आलं असतं.

अर्धवट सांगितलेल्या गोष्टीचं घरात काय होतं, ते दुसऱ्या दिवशी दुपारी दिसलं. ते इस्पितळातून परतले तर दारात अग्रहारातल्या सुमित्राबाईंच्या चपला होत्या. सुमित्राबाई म्हणजे रुक्मिणीबाईंची थोरली बहीण. कुठल्याही घरात काही बिघडलं की त्या न बोलावता पोचत. टेबलावर परडी होती, आणि परडीत मल्लिगेचे, म्हणजे मोगऱ्याचे गजरे, देवराज मार्केटातनं आणलेले, दाट गुंफलेले, चांगले आठ-दहा. घरभर वास सुटला होता.

“कुठली पूजा?” गंगाधररावांनी विचारलं.

रुक्मिणीबाईंनी पदराशी चाळा केला. “पूजा नाही. पोरीला बाधलं ते. तिचं… डबा बाधला. अक्का म्हणते, पोट काय सुम्ने, उगीच बिघडतं का? वनजा पण तेच म्हणतीय, माझ्यामुळंच झालं म्हणून रडतीय. मल्लिगे बांधली की दोन-तीन दिवसांत आटतं. मग पावडर देऊ या.”

म्हैसूरच्या बायकांना हे माहीत असतं. छातीवर मोगऱ्याचे गजरे बांधून ठेवले की दूध आटतं. केसांत माळायचं फूल या कामालाही येतं. गंगाधररावांनाही हे ऐकून ठाऊक होतं, पण पुरुषांना ठाऊक नसलेल्या गोष्टींच्या यादीत त्यांनी ते ठेवून दिलं होतं.

दोन दिवसांत बाळाचं पोट बसेल आणि इकडं दूध आटलेलं असेल.

“तिला सांग, बांधायचं नाही.”

“का?”

“डॉक्टर म्हणाल्या.”

“डॉक्टरचं काय जातं? पोर त्यांची आहे का?” रुक्मिणीबाईंचे डोळे भरून आले. “तुम्हाला काय की, आपलं लेकरू तिथं काचेत पडलंय आणि अजून तेच पाजायचं? डॉक्टरला चांगलं-वाईट सगळं सारखंच, अल्वा?”

यावर काय बोलायचं ते गंगाधररावांना माहीत होतं. त्यासाठी एकच वाक्य पुरेसं होतं. ते बायकोला सांगावं, बायकोनं आत जाऊन सांगावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात सुमित्राबाई खोलीतून बाहेर आल्या, परडी उचलली आणि परत आत गेल्या. गंगाधरराव त्यांच्या मागोमाग गेले आणि दारात उभे राहिले. त्या दारात ते सयाजीच्या जन्माच्या वेळीसुद्धा कधी उभे राहिले नव्हते.

“अय्यो, गंगाधरराव! बाळंतिणीची खोली आहे ही!” सुमित्राबाईंनी परडी पोटाशी धरली.

वनजा भिंतीला टेकून बसली होती, शाल गळ्यापर्यंत ओढलेली. रडून डोळे सुजले होते. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं, लगेच मान फिरवली आणि भिंतीला म्हणाली, “बांधा, मौशी. माझंच दूध विषारी झालंय.”

“तुझ्या दुधात काही नाही,” गंगाधरराव म्हणाले.

दूध हा शब्द त्यांच्या तोंडून आला तशी रुक्मिणीबाई मागच्या मागे खुर्चीवर बसल्या. गंगाधरराव थांबले नाहीत. थांबले असते तर परत सुरुवात करणं त्यांना जमलं नसतं.

“तुझ्या दुधात काही नव्हतं, वनजा. मी ते तापवत होतो. मागं मोरीत, रोज. बाळाला राखणारं जे काही तुझ्या दुधात असतं ते तापवल्यावर मरतं. ते मारून मग मी नेऊन देत होतो. मला वाटलं, मी राखतोय. डॉक्टर म्हणाल्या, पोट त्यामुळं बिघडलं की नाही ते सांगता येत नाही. पण दूध तुझं चांगलं होतं. बिघडवलं ते मी. आता आटवू नको. तिला लागणार आहे.”

खोलीत मोगऱ्याचा इतका वास दाटला होता की श्वास घेववेना. सुमित्राबाईंनी बहिणीकडे पाहिलं, बहिणीनं जमिनीकडे. वनजानं मान हळूहळू त्यांच्याकडे वळवली.

“रोज?”

“पहिले दोन दिवस सोडून रोज.”

“मी रात्रंदिवस बसून थेंब थेंब काढत होते, मामा. एकेका थेंबाला जीव जात होता.”

“हो.”

“मला एकदा विचारलं का नाही?”

“कसं विचारणार होतो?”

“तोंडानं,” वनजा म्हणाली.

गंगाधरराव उभेच राहिले. तिनं सुमित्राबाईंना सांगितलं, “मौशी, ती फुलं घेऊन जा इथनं.” आणि मग सासूला, शालीच्या आतून, स्पष्ट आवाजात: “अत्ते, बाटली द्या. आणि सगळे बाहेर व्हा.”

मल्लिगे देवघरात गेली. देव त्या दिवशी गजऱ्यांखाली दिसेनासे झाले. संध्याकाळी वनजाचा दाब मोजला, तर सकाळी होता तेवढाच निघाला. सयाजीनं यंत्र बिघडलंय म्हणून पुन्हा मोजला.

त्यानंतर वनजा सासऱ्यांशी बोलली नाही. डबा टेबलावर येत राहिला, गंगाधरराव तो न तापवता नेत राहिले. इस्पितळात ते दूध गोठवून ठेवत. कच्चं दूध पायांत धरून सिग्नलला थांबलं की त्यांना अजूनही अंगावर काटा येई. हात आपोआप हँडलवर घट्ट होत. घरी मोरीतली शेगडी कुणी उचलली नाही, ती तशीच गंजायला लागली. रुक्मिणीबाईही नवऱ्याशी कामापुरतं बोलत. आपणही ‘बरोबर आहे’ म्हणालो होतो, हे त्यांना मधूनमधून आठवे आणि मग त्या जास्तच गप्प होत. गंगाधररावांना झोप येत नसे. बाळ गेलं तर काय, हा विचार ते दिवसा करत नसत. पण बाकीचा विचार करायलाही त्यांना काही उरलं नव्हतं.

पोट बसायला दोन दिवसांपेक्षा बरेच जास्त लागले. एका दुपारी डॉक्टर विशालाक्षींनी त्यांना काचेपाशी बोलावलं. सिस्टरनं वनजाचं दूध बिनसुईच्या नळकांड्यात घेतलं होतं, एक मिली, चमच्याच्या तळाला लागेल एवढं. ते तिनं वर धरलं आणि नुसत्या वजनानं ते नळीतून बाळाच्या पोटात उतरत गेलं. आयुष्यात लाखो लिटर दूध पास केलेला माणूस काचेला नाक लावून त्या एक मिलीकडे बघत होता. नंतर डॉक्टरांनी त्यांना पुढच्या पाजण्याच्या वेळेपर्यंत थांबवून घेतलं. सिस्टरनं बाळाच्या पोटावर दोन बोटं ठेवली, दाबून पाहिलं आणि त्यांच्याकडे बघून मान हलवली.

ते घरी आले आणि टेबलापाशी न थांबता थेट वनजाच्या दारात गेले. ती जागी होती.

“घेतलं?” तिनं विचारलं. इतक्या दिवसांतला तो पहिला शब्द.

“घेतलं. एक मिली. पचवलं. पोट मऊ आहे, सिस्टरनं बघितलं. मी पण बघितलं.”

वनजानं तोंडावर हात धरला आणि ती मोठ्यानं रडली. गंगाधररावही रडले. त्यांनी चष्मा काढायचंही भान ठेवलं नाही. रुक्मिणीबाई धावत आल्या, दोघांना बघून काय झालं ते कळेना म्हणून त्याही रडायला लागल्या, आणि मग कळल्यावर नव्यानं रडल्या.

शेवटी वनजानं शालीच्या टोकानं नाक पुसलं. “माझा राग गेला नाही, मामा. सांगून ठेवते.”

“राहू दे राग,” गंगाधरराव म्हणाले. “दूध येतंय ना?”

“येतंय,” ती म्हणाली.